‘घरी न्या’ म्हटल्यानंतर

मुंबईत कॅन्सरचं निदान झालं की पाय आपोआप परळकडे वळतात. टाटा मेमोरियल तिथे १९४१ पासून आहे. कुठून कुठून आलेली माणसं रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नाहीतर एखाद्या नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहून उपचार पुरे करतात. त्या धडपडीबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायचंय. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं, तरी आजार उलटला, आणि कुठेतरी कुणीतरी डॉक्टर म्हणाले, ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या.’ घरी नेल्यावर काय होतं?

मी पूर्व उपनगरातल्या एका पालिका रुग्णालयात परिचारिका आहे. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द, देवनार हा आमचा पट्टा. बरीच वर्षं वॉर्डात काढली. आता आमच्याकडे पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होवो न होवो, पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करण्याच्या उपचारांची, एक छोटी ओपीडी चालते आणि तिच्याबरोबर घरभेटी. एक फिजिशियन मॅडम, मी, एक समाजसेविका आणि वस्तीतल्या आरोग्यसेविका, एवढाच आमचा संसार. हे कसं उभं राहिलं, ते सांगते. दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात कुणाच्या मनात असेल तर वाट थोडी सोपी होईल.

आधी काय व्हायचं ते ऐका. रात्री कॅज्युअल्टीला पेशंट यायचा. तोंडाच्या कॅन्सरचा, नाहीतर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा. बरोबरच्या पिशवीत जाडजूड फाइल. तक्रार एकच: दुखतंय. ड्युटीवरचा डॉक्टर फाइल चाळायचा, डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाचं इंजेक्शन द्यायचा, एखादं सलाईन लावायचा. पहाटेपर्यंत पेशंटचा डोळा लागायचा. सकाळी घरी. दोन-तीन रात्रींनी तोच माणूस, तीच पिशवी, तीच तक्रार. यात कुणाचं मन दगडाचं होतं असं नाही. वेदनेवर यापुढे काही औषध असतं आणि ते इथे, आपल्या रुग्णालयात ठेवता येतं, हे आम्हा कुणालाच शिकवलेलं नव्हतं. नर्सिंगच्या तीन वर्षांत मॉर्फिनबद्दल मी एवढंच शिकले होते की ते कपाटात कुलूप लावून ठेवायचं.

सुरुवात मॅडमनी केली. त्या टाटाच्या पॅलिएटिव्ह विभागात प्रशिक्षण घेऊन आल्या आणि मग मला आणि समाजसेविकेला पाठवायला लावलं. तिथे पहिल्या दिवशी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. डॉक्टर पेशंटच्या खाटेवर त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, ‘शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. आत्ता किती?’ मग दुखणं कुठे, कसं, जळल्यासारखं की ठणका, रात्री झोप लागते का, काय केल्यानं कमी होतं. मग घरी कोण कोण आहे, कमावतं कोण, मनात सगळ्यात जास्त काय येतं. एका पेशंटपाशी अर्धा तास. आमच्या ओपीडीत तेवढ्या वेळात रांग दारापर्यंत जाते. पण त्या अर्ध्या तासात जे कळलं, त्यातलं निम्मंही कुठल्या रिपोर्टात नव्हतं.

तिथेच सिसिली साँडर्सबाईंचं नाव पहिल्यांदा ऐकलं. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारी जागा, त्यांनी काढलं आणि आजचं पॅलिएटिव्ह केअर तिथून सुरू झालं असं मानतात. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. दुखणं फक्त शरीराचं नसतं. पैशाचं, घरच्यांच्या काळजीचं, देवावरच्या रागाचंही असतं, हे त्यांनी सांगितलं. ते सांगायला त्या तिन्ही खुर्च्यांवर बसून झालेलं असावं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडेही हे नवीन नाही. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस. तिथे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या पेशंटना पैसे न घेता सांभाळतात. केरळात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ मध्ये कालिकतला काम सुरू केलं, आणि पुढे तिथे गावोगावचे शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं घरभेटींना जाऊ लागली. २००८ मध्ये त्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं स्वतंत्र धोरणच केलं. राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये आला. कागदावर पुष्कळ आहे. टाटाची पथकंही पेशंटच्या घरी जातात. पण मुंबई अफाट आहे. मानखुर्दहून परळ गाठायचं म्हणजे आधी रिक्षा, मग हार्बरने कुर्ला, तिथे जिना चढून गाडी बदलायची, दिव्यांगांच्या डब्यातही धक्के खायचे, आणि गालावर जखम असलेल्या माणसाकडे सगळा डबा बघत असतो. पंधरा दिवसांची गोळी आणायला असा प्रवास किती वेळा होणार? गोळी इकडे आली पाहिजे, हे आमचं पहिलं आणि साधं म्हणणं होतं.

गोळी म्हणजे मॉर्फिन. तोंडाने घ्यायची, दहा मिलिग्रॅमची, काही रुपयांत मिळणारी छोटीशी गोळी. ती अफूपासून बनते, आणि अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ती पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि तरी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालात लिहिलंय की आपल्या देशात वेदनाशमनाच्या अशा औषधांची जेवढी गरज आहे, त्याच्या फक्त ४ टक्के ती उपलब्ध होतात. प्रशिक्षणात हा आकडा पडद्यावर आला तेव्हा मी वहीत लिहून घेतला आणि खाली दोनदा रेघ ओढली.

कारण कायद्यात आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा अमली पदार्थांच्या धंद्याला आळा घालायला आला. शिक्षा इतक्या कडक, की रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने, आणि सगळे एकाच वेळी चालू असावे लागायचे. एकाची मुदत संपली की गाडी अडायची. कित्येक डॉक्टरांची पूर्ण कारकीर्द मॉर्फिनची गोळी न लिहिता गेली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशा सहा औषधांना अत्यावश्यक म्हणून वेगळं काढलं आणि परवानगीचं काम राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे, एकाच खिडकीवर आलं. रुग्णालयाने ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून अर्ज करायचा. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर जबाबदार म्हणून नेमायचा. वर्षाला किती लागेल याचा अंदाज द्यायचा, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गोळीची नोंद ठेवायची, वापराचा हिशेब कळवायचा. नियम एवढेच आहेत आणि ते वाजवी आहेत.

अर्ज भरणं कठीण गेलं नाही. वेळ गेला तो आमच्याच इमारतीत. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिने लागले. प्रत्येक टेबलावर शंका तीच: कुणी चोरलं तर? पेशंटला सवय लागली तर? चौकशी लागली तर सही कुणाची? मॅडम प्रत्येक वेळी तोच कायदा, तीच दुरुस्ती छापून घेऊन जायच्या आणि न चिडता समजावायच्या. आमचे फार्मासिस्ट साहेब सगळ्यात जास्त घाबरलेले. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, त्यांची भीती मला समजत होती. मॅडमनी त्यांनाच बरोबर घेतलं. रजिस्टरचे रकाने त्यांनी आखले, कपाट त्यांनी निवडलं: पोलादी, दोन कुलपांचं, एक चावी त्यांच्याकडे आणि दुसरी माझ्याकडे. आज त्या रजिस्टरमध्ये अर्ध्या गोळीचाही घोळ सापडणार नाही. घरचा माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत आणून देतात, त्याचीही नोंद साहेब स्वतः करतात.

परवानगी आली. आता पेशंट हवे होते, आणि ते ओपीडीत येत नव्हते. जे चालू शकत होते ते परळला जात होते. जे चालू शकत नव्हते ते घरात पडून होते. त्यांना शोधून काढलं आरोग्यसेविकांनी.

मुंबईची आरोग्ययंत्रणा ज्यांच्या पायांवर चालते त्या या बायका. हेल्थ पोस्टच्या, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रांच्या, आरोग्यसेविका घरोघर फिरतात, गरोदर बायांची यादी ठेवतात, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, आता तर तिशीच्या पुढच्यांची बीपी, शुगर, तोंडाची आणि स्तनांची तपासणी, सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्यात आणखी एक काम टाकायचं म्हणजे मला आधी संकोच वाटला. पण त्यांना बोलावून आम्ही फक्त दोन प्रश्न सांगितले. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय का? कुणाला असं दुखणं आहे का, की रात्री झोप लागत नाही? एवढंच विचारा आणि होय म्हणाले तर नाव, खोली नंबर कळवा. दुसऱ्याच आठवड्यात यादी आली. त्यात कॅन्सरचे होतेच, पण लकवा होऊन पाठीला जखमा झालेले होते, टीबीने फुफ्फुसं निकामी झालेले होते, डायलिसिस सोडून दिलेले होते. केंद्राच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी (आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) ज्या बारा सेवा ठरल्या आहेत, त्यात पॅलिएटिव्ह केअर आहे. ती प्रत्यक्षात कोण देणार, याचं उत्तर मला त्या हाताने लिहिलेल्या यादीत दिसलं.

एका घराबद्दल सविस्तर सांगते.

पुनर्वसनाची इमारत, पाचवा मजला, लिफ्ट बंद. सांगोल्याकडचे मामा, नाका कामगार. तंबाखू-चुना लहानपणापासून. डाव्या गालाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि रेडिएशन झालेलं, आजार परत आलेला. गालाला आरपार भोक पडलं होतं, पाणी प्यायलं तरी बाहेर यायचं. नाकात नळी, नळीतून मावशी पातळ पेज घालायच्या. दारात पाऊल टाकलं आणि वासाने कळलं की जखम किती बिघडलीय. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. खोलीत पडदा बांधून त्यांचा कोपरा वेगळा केलेला. नात आतल्या बाजूला यायची नाही. शेजारच्यांनी दार लावून घेणं सुरू केलं होतं. मामा बोलू शकत नव्हते नीट, पाटीवर लिहायचे. मी विचारलं, दहापैकी किती दुखतंय? त्यांनी पाटीवर १० लिहिलं, पुसलं, आणि लिहिलं: ‘वास’.

आधी वासाचंच बघितलं. जखमेत अळ्या होत्या. हे वाचायला नको वाटेल, पण मुंबईतल्या किती घरांत हे असतं आणि लाजेपायी कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून, चिमट्याने एकेक करून त्या काढल्या. मग मावशींना शिकवलं: लिटरभर पाणी उकळायचं, त्यात दोन सपाट चमचे मीठ, थंड झालं की त्याने जखम हलक्या हाताने धुवायची, चोळायची नाही. मेट्रोनिडाझोलची गोळी लाटण्याने बारीक करून ती पूड जखमेवर भुरभुरायची; वास करणारे जंतू तिने मरतात. वर गॉज. गॉज विकत आणणं परवडेना, तेव्हा जुन्या सुती लुगड्याच्या घड्या धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवून वापरल्या. जास्त पाझरत असेल तेव्हा वरून सॅनिटरी पॅड. आणि एक गडद मरून टॉवेल उशाशी ठेवायला सांगितला. अशा जखमेतून कधी एकदम रक्त येऊ शकतं. पांढऱ्या कपड्यावर ते बघून घरची माणसं हादरतात, गडद टॉवेलवर तेवढं दिसत नाही. हे मावशींना सांगताना मला जड गेलं. त्या म्हणाल्या, ‘सांगितलं ते बरं केलं सिस्टर. म्या एकटीच आसते घरात.’

मग मॉर्फिन. ही गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखो न दुखो. दुखणं वर येण्याआधी. नळीतून द्यायची तर बारीक करून पाण्यात कालवून. मावशींना घड्याळ वाचता येत नव्हतं. तेव्हा त्यांच्याच दिवसावर वेळा बसवल्या: सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा एक, नात शाळेत जाते तेव्हा एक, दुपारी पोरं शाळेतून येतात तेव्हा, संध्याकाळी दिवा लावताना, आणि रात्री झोपताना दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नळ, दप्तर, दिवा, चंद्र अशी चित्रं काढली. गोळी दिली की त्याखाली रेघ. मधेच कळ आली तर जादा गोळी द्यायची आणि त्याची फुली मारायची. पुढच्या भेटीला आम्ही फुल्या मोजणार आणि मॅडम त्यावरून डोस वाढवणार. बरोबर पोट साफ होण्याचं औषध रोज रात्री. मॉर्फिनने शौचाला घट्ट होतं, नेहमीच होतं. आणि त्या त्रासाने पेशंट गोळीच बंद करतो. प्रशिक्षणात हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

मामांच्या मुलाने मला जिन्यात गाठलं. ‘सिस्टर, मॉर्फिन म्हणजे... शेवटचं ना? आणि नशा नाही ना होणार?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि प्रत्येक घरात पूर्ण वेळ देऊन उत्तर द्यावं लागतं. सांगितलं, पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, त्याचं औषध दिलंय, ते कमी होईल. दुखण्यासाठी, मोजून, हिशेबाने दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही. याने आयुष्य कमी होत नाही. अचानक बंद मात्र करायची नाही, कमी करायची तर मॅडमना विचारून. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. विश्वास तीन दिवसांनी बसला, मी पुन्हा गेले तेव्हा. मामा उठून, भिंतीला टेकून बसले होते. वास पुष्कळ कमी झाला होता. पडदा अर्धा सरकवलेला. पाटीवर लिहिलं, ‘रात्री झोप लागती.’ पुढे दोन महिने ते होते. त्या दोन महिन्यांत नात पडद्याच्या आत येऊन बाराखडी गिरवायची आणि मामा चुका दाखवायचे. आजार कुणी बरा केला नाही. पण दोन महिने ते त्या घरातलं माणूस म्हणून जगले.

यात ज्याला ‘मोठं तंत्रज्ञान’ म्हणता येईल असं काहीच नव्हतं. मीठ, उकळलेलं पाणी, दोन प्रकारच्या स्वस्त गोळ्या, आणि पाच मजले चढून जाणारी माणसं. सेवा वाढवायची म्हणजे मोठी इमारत, नवं यंत्र, अशी कल्पना आपल्याकडे फार खोल रुतली आहे. कॅन्सरसाठी ती यंत्रं हवीतच. रेडिएशनची रांग कमी व्हायलाच हवी, कारण हाडात पसरलेल्या गाठीचं दुखणं रेडिएशनच्या एका बैठकीनेही कमी होऊ शकतं. पण ज्याला आज रात्री झोप हवी आहे त्याच्यासाठी यंत्राची वाट बघायची गरज नाही.

दुसरी एक गोष्ट मला वाटलं होतं त्याहून अवघड निघाली: बोलणं. ‘पेशंटला सांगू नका’ हे वाक्य नव्वद टक्के घरांत दारातच ऐकू येतं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. ‘गाठ आहे एवढंच सांगितलंय.’ जालन्याकडच्या एक ताई होत्या, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, वय चाळिशीचं. नवऱ्याने हात जोडून विनवलं. आम्ही त्याच्याशी भांडलो नाही. त्याला एवढंच विचारलं, त्या तुम्हाला काय विचारतात? तो म्हणाला, काहीच नाही, आताशा बोलतच नाही. मग ड्रेसिंगच्या वेळी मी त्यांना विचारलं, ताई, आजाराबद्दल काही विचारायचंय का? त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘बचत गटाचे पैसे माझ्या नावावर आहेत. ते पोरीच्या नावावर करायला माझी सही लागंल. किती दिवस आहेत सिस्टर, मला सही जमंल असे?’ त्यांना सगळं माहीत होतं. फक्त नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं की आपल्याला माहीत आहे. त्या संध्याकाळी दोघांना एकत्र बसवलं. रडले, बराच वेळ रडले. आणि मग कागद काढून बसले. समाजसेविकेने बँकेचं काम तडीस नेलं. अशा प्रसंगांसाठी घाई करायची नाही आणि लांबणीवरही टाकायचं नाही, हे मी त्या घरात शिकले.

आता मृत्यूच्या दाखल्याचं सांगते, कारण याबद्दल आधी कुणी सांगत नाही आणि मध्यरात्री घरच्यांचे हाल होतात. माणूस घरी गेला की स्मशानात डॉक्टरचं कारणाचं प्रमाणपत्र मागतात. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी त्याचा नमुना ४-अ असतो. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने तपासलं त्याने ते द्यायचं असतं, पैसे न घेता. पण महिनोन्महिने कुठल्याच डॉक्टरने घरी येऊन बघितलेलं नसतं, तेव्हा रात्री दोन वाजता सही कोण करणार? मग कुणी म्हणतो पोलिसांत जा, कुणी म्हणतो पोस्टमॉर्टेमला न्या. ज्या घरात नुकताच माणूस गेलाय त्यांनी हे भोगावं, यापेक्षा वाईट काय? आमच्या यादीतल्या प्रत्येक पेशंटला मॅडम स्वतः जाऊन तपासतात, नोंद ठेवतात, आणि कुटुंबाला आधीच समजावून सांगतात की वेळ आली की कुणाला फोन करायचा. घरी शांतपणे जाऊ द्यायचं असं ठरवलेल्या कुटुंबांना सगळ्यात जास्त धीर कशाने आला असेल, तर या एका नंबराने.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, आणि त्याने अनेक घरं वाचली आहेत. पण घरी पडलेल्या माणसाचे डायपर, गॉज, पाण्याची गादी, घशातला कफ ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनचं भाडं, आणि त्याच्यापाशी बसावं लागतं म्हणून बायकोने सोडलेली चार घरची कामं, हे कुठल्याच पॅकेजात येत नाही. आम्ही वापरलेल्या वस्तूंची एक पेढी केली आहे. एका घरातली पाण्याची गादी, वॉकर, कमोडची खुर्ची काम संपलं की दुसऱ्या घरी जाते. गणेशोत्सव मंडळांनी यात खूप मदत केली. एका मंडळाने तर सजावटीच्या खर्चातून दोन सक्शन मशीन घेऊन दिली. ज्यांच्या घरी सांभाळणारं खरोखर कुणीच नाही, त्यांच्यासाठी वांद्र्याला शांती अवेदनाला विचारतो. त्यालाही घरचे आधी नको म्हणतात, ‘आश्रमात टाकलं म्हणतील’ म्हणून. एकदा आत जाऊन बघून आले की बहुतेकांचं मत बदलतं.

जे जमलेलं नाही तेही लिहायला हवं. मॅडम रजेवर गेल्या की मॉर्फिन लिहायला दुसरं कुणी नाही. आणखी एका डॉक्टरचं प्रशिक्षण व्हावं म्हणून आमचा पाठपुरावा चालू आहे. रविवारी आणि सणासुदीला फोनवरच भागवावं लागतं. लहान मुलांचं काम आम्हाला नीट येत नाही. आईबापांसमोर बसून बोलण्याचं बळ आणि शिक्षण दोन्ही कमी पडतं. आरोग्यसेविकांना या कामाचा वेगळा मोबदला नाही, आणि तो मिळायला हवा. त्या ज्या घरात जातात तिथे मृत्यू बघून येतात आणि संध्याकाळी आपल्या घरी जाऊन भाकऱ्या थापतात. महिन्यातून एकदा आम्ही सगळ्या एकत्र बसतो, गेलेल्यांची नावं घेतो, ज्याला बोलायचंय ती बोलते. ते बसणं कुठल्या कार्यक्रमात लिहिलेलं नाही, पण ते चुकलं तर काम पुढे सरकणार नाही अशी माझी खात्री आहे.

आणि उपचार संपल्यावरच आमच्याकडे यायचं, ही समजूत बदलायला हवी. केमो चालू असतानाही उलट्या, तोंड येणं, झोप, दुखणं, भीती यावर इलाज होऊ शकतो. निदान झालं त्याच आठवड्यात दोन्ही सुरू व्हावं. लवकर आलेल्या पेशंटशी ओळख होते, आणि पुढे बोलायची वेळ येते तेव्हा आम्ही परके नसतो.

तुमच्या घरी असा आजार असेल तर ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथे स्पष्ट विचारा: पॅलिएटिव्ह केअरची किंवा वेदनाशमनाची ओपीडी आहे का, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का, घरभेट होते का, रात्री फोन कुणाला करायचा. नाही म्हणाले तर दुसरीकडे कुठे मिळेल ते लिहून मागा. डिस्चार्जचं कार्ड, बायॉप्सीचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत दाराजवळ ठेवा. दुखणं किती, कधी वाढतं, रात्री किती झोप झाली, हे रोज दोन ओळीत लिहा. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. आणि मॉर्फिन लिहून मिळालं की त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषधही लिहून घ्या.